तीनदा मोजलेले तेवीस

पाचशे मिलिलिटरच्या एका बाटलीत वीस प्लेटी व्हायला हव्यात. मी तीस करत असे. या एका वाक्यात माझी सगळी चूक आली, पण ती कळायला मला सात महिने लागले आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगायला आणखी दोन.

यवतमाळच्या एका खासगी लॅबमध्ये मी बावीस वर्षांपासून तंत्रज्ञ आहे. माझ्याकडे जंतूंचं काम असतं. न्यूमोनियाच्या रुग्णाचा बेडका येतो. त्यातला जंतू आम्ही काचेच्या बशीसारख्या प्लेटीत जेलीवर वाढवतो. दुसऱ्या दिवशी तोच जंतू नव्या प्लेटीवर सारखा पसरवायचा आणि त्यावर औषधं शोषलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. रात्रभरात जंतू वाढून जेलीवर साय आल्यासारखं दिसतं, पण जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो. सकाळी तो गोल पट्टीने मोजायचा. प्रत्येक औषधाचा आकडा ठरलेला असतो. सेफ्ट्रिॲक्सोन नावाचं जे इंजेक्शन आपल्याकडे न्यूमोनियात नेहमी देतात, त्याचा गोल आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका जातीच्या जंतूवर तेवीस मिलिमीटर किंवा जास्त असला तर औषध चालतं. एकोणीस किंवा कमी असला तर चालत नाही. मधलं असलं तर भरवसा नाही.

मोजण्यात माझा हात कोणी धरत नसे. मी घरीसुद्धा असाच आहे. चहाला किती चमचे साखर लागते, सिलिंडर किती दिवस पुरतो, टाकीतलं पाणी किती बोटं उतरलं, हे मला माहीत असतं. बायको म्हणते, "तुमच्यासंगं संसार म्हणजे रोजचा पेपर हाये." गोल मोजताना मी तीन दिशांनी पट्टी लावतो आणि तीनही आकडे लिहितो. पण ज्या जेलीवर तो गोल उमटायचा तिची जाडी मी मोजत नव्हतो.

सुरुवात साध्या कारणाने झाली. जेलीच्या पावडरीचा डबा नागपूरहून यायला उशीर झाला आणि हातातला डबा आठवडाभर पुरवायचा होता. घरात पाहुणे वाढले की माझी आई वरणात तांब्याभर पाणी घालायची आणि कोणी उपाशी उठत नसे. मी पाणी वाढवलं नाही, पावडरीचं प्रमाण अचूक ठेवलं. फक्त बाटलीतली गरम जेली प्रत्येक प्लेटीत थोडी कमी ओतली. वीसच्या जागी पंचवीस झाल्या, मग अठ्ठावीस, मग तीस. जंतू वाढले, गोल उमटले, रिपोर्ट गेले. आठवड्याने डबा आला, पण मी तीसवरून मागे आलो नाही. उलट भिंतीवर चिठ्ठी चिकटवली : "१ बाटली = ३० प्लेटी." मला तिचा अभिमान वाटत असे.

अशा चुका पकडायला एक सोय असते. ज्याचा गोल किती यावा हे आधीच माहीत आहे, असा एक ओळखीचा जंतू दर आठवड्याला लावून पाहायचा. गोल ठरल्या हद्दीत आला नाही तर आपल्या प्लेटीत खोट आहे असं समजायचं. आमचा ओळखीचा जंतू उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला तेव्हा मेला. नवा मागवायचा राहिला. मी वहीत प्रत्येक आठवड्याला लिहीत गेलो, "मागवणे आहे." सात महिन्यांत हे दोन शब्द मी एकोणतीस वेळा लिहिले. नंतर मोजले.

माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, दारव्ह्याला बाजार समितीत हर्रास बोलायचे. सोयाबीन-तुरीच्या ढिगांचा लिलाव पुकारायचे. एका अडत्याकडे त्यांची वीस वर्षं त्यातच गेली. या ढिगावरून त्या ढिगाकडे चालायचं, मूठभर दाणे हवेत उडवायचे आणि एका दमात भाव चढवत न्यायचे. माणूस उंचीने बेताचा, पण यार्डाच्या फाटकाबाहेर आवाज ऐकू यायचा. लग्नात माइक बंद पडला की लोक त्यांनाच उभं करायचे. मला ते "लॅबवाले" म्हणत.

गेल्या हिवाळ्यात ते तापाने पडले. साखरेचा त्रास होताच. दोन दिवसांत दम लागायला लागला, म्हणून यवतमाळला एका दवाखान्यात भरती केलं. उजव्या बाजूचा न्यूमोनिया निघाला. मी भेटायला गेलो तर नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, तरी बोलणं चालूच.

"या लॅबवाले. डॉक्टर म्हणते बेडका तपासा लागते. म्या म्हटलं, घरचाच माणूस हाये, त्यालेच देतो. असा माल सगळ्यायच्या नशिबी नसते."

"बोलू नका भाऊ," मी म्हणालो.

"नाई बोलू तं काय करू? माह्यं तं पोटच बोलण्यावर हाये."

डबी मी स्वतः हातात धरून लॅबमध्ये आणली. सोमवार होता. बुधवारी सकाळी सेफ्ट्रिॲक्सोनचा गोल मोजला. तेवीस. पट्टी फिरवली, तेवीस. तिसऱ्या दिशेने लावली, तेवीस. काठावर होतं, पण नियमाने चालणारं होतं. रिपोर्ट लिहिला. लॅबच्या डॉक्टर मॅडम दुपारी दोन तास येतात, त्यांनी सही केली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मला थेट फोन आला. "ताप उतरत नाहीये. मी औषध बदलायच्या विचारात होतो, पण तुमच्या रिपोर्टमध्ये हे चालतं म्हणून आलंय. तेवीस नक्की ना?"

"नक्की, सर," मी म्हणालो. "तीनदा मोजलं."

"मग थांबू दोन-तीन दिवस," ते म्हणाले.

ते थांबले. शनिवारी सकाळी छातीत पू झाल्याचं दिसलं. बरगड्यांमधून नळी घातली, अतिदक्षता विभागात हलवलं आणि औषध बदललं. छातीतल्या त्या पुवाचा नमुना माझ्याकडे आला. योगायोगाने मी त्या आठवड्यात रजेवर निघालो होतो, तेव्हा घाईत एका कंपनीच्या तयार प्लेटींचं पाकीट फोडलं होतं. त्या प्लेटीवर गोल आला एकोणीस. औषध चालत नाही.

मी तेव्हा काय समजलो, ते सांगायला हवं. मला वाटलं, जंतू बदलला. औषध चालू असताना जंतू त्याला दाद देईनासा होतो, असं होतं कधी कधी. ही समजूत चुकीची म्हणता येत नव्हती आणि मला ती फार सोयीची होती. मी डॉक्टरांना फोन करून तसंच सांगितलं. रजाही रद्द केली.

साडभाऊ बावीस दिवसांनी घरी गेले. नळी निघाली, ताप गेला, साखर आटोक्यात आली. पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग आकसून राहिला.

मग एका सकाळी मी त्या तयार पाकिटातली उरलेली एक प्लेट आणि माझ्या हातची एक प्लेट धुवायला शेजारी शेजारी ठेवली होती. आडव्या उजेडात दोन्हींचे थर दिसले. कंपनीची जेली माझ्या जेलीच्या जवळजवळ दीडपट उंच होती. मी पट्टी जेलीत उभी खुपसली. तिची चार मिलिमीटर. माझी अडीचच्या थोडी वर.

हे गणित मला नवं नव्हतं. औषध टिकलीतून जेलीत उतरतं, बाजूला जातं तसं खालीही जातं. थर पातळ असला की खाली जायला जागा नसते, म्हणून ते बाजूला जास्त पसरतं आणि गोल मोठा दिसतो. औषध असतं त्यापेक्षा जोरकस वाटतं. बावीस वर्षांपूर्वी परीक्षेत मी याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

महत्त्वाच्या रुग्णांचे जंतू आम्ही काही आठवडे लहान नळीत जपून ठेवतो. साडभाऊंच्या सोमवारच्या बेडक्यातला जंतू फ्रिजमध्ये होता. मी तो दोन प्लेटींवर लावला. एक माझ्या जुन्या मापाची, एक नियमाप्रमाणे पंचवीस मिलिलिटर ओतलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इनक्युबेटर उघडला. पातळ प्लेटीवर तेवीस. जाड प्लेटीवर एकोणीस.

जंतू बदलला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून तसाच होता.

मी भिंतीवरची चिठ्ठी काढली. डिंक जुना झाला होता, कागद फाटत आला आणि "३०" भिंतीवरच राहिलं. ते नखाने खरवडलं.

मॅडम दुपारी आल्या तेव्हा दोन्ही प्लेटी त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी प्लेटी आडव्या धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, "सात महिने मी सह्या केल्या. एकदा तरी प्लेट हातात घ्यायला हवी होती." त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही नोंदवही काढली. काठावर आकडा होता असे चौदा रिपोर्ट सापडले. प्रत्येकाच्या डॉक्टरला कळवलं आणि जिथे नंबर होता तिथे रुग्णाला फोन केला. चौदांत एक साडभाऊ, त्यांचं मी स्वतःकडे ठेवलं. बाकी तेरांतले बारा जण सापडले, बरे होऊन घरी होते. ढाणकीच्या एका बाईंचा नंबर लागला नाही. तो अजून लागलेला नाही.

साडभाऊंच्या डॉक्टरांना मी स्वतः भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी विचारलं, "बुधवारीच औषध बदललं असतं तर पू झाला नसता का?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित झाला असता, कदाचित नसता." मला आकडा हवा होता. तो त्यांच्याकडे नव्हता, कोणाकडेच नसतो. साडभाऊंना मी सांगू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही सर, ते घरचं आहे. मी सांगतो."

आणि मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी साडभाऊंच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दारव्ह्याला होतं. मंडपात दीडशे माणूस असेल. जेवणाआधी साडभाऊ उभे राहिले. माइक हातात घेतला, जो त्यांना कधी लागला नव्हता. दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेत ते बोलले. "मी जित्ता हाये... तो या माणसामुळं. माह्ये साडभाऊ. यायनं माह्या बेडक्याचा रिपोर्ट... तीनदा मोजला. दुसऱ्यानं एकदाबी नसता मोजला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढे बोलावून खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी आणि हातात नारळ दिला. तीनदा मोजल्याचं त्यांना डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलेलं असणार, आधी, बुधवारी. मी हात जोडले. दुसरं काही केलं नाही.

नारळ घरी ओट्यावर राहिला. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, "फोडू का? चटणीले होते."

"नको," मी म्हणालो.

"काहून? देवाचा थोडीच हाये."

तेव्हा तिला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या मनात आला नव्हता. "ताईले माहीत हाये?"

"नाही."

"मंग नका सांगू," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "नाई नाई, सांगा. कुठून तरी कळन, मंग ताई मले उभं करनार नाई." पोळी करपली. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

तरीही मी आणखी एक महिना काढला. रोज सकाळी प्लेटी ओतताना प्रत्येकीत पंचवीस मोजून घालत असे आणि वीस झाल्या की वाटे, आता रविवारी जाऊ. चार रविवार गेले. शेवटी एका कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि नारळ पिशवीत घेऊन जीपने दारव्ह्याला गेलो. घरी गेलो नाही. ताईंसमोर बोलायचं धैर्य नव्हतं. सरळ यार्डात गेलो.

साडभाऊ शेडखाली खुर्चीवर बसून चिठ्ठ्या लिहीत होते. हर्रास दुसराच माणूस बोलत होता. ते भाव ऐकायचे आणि लिहायचे. मला पाहून हसले.

"या लॅबवाले! आज इकडं कसे? तूर घेता का?"

मी बाकावर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. पावडरीचा डबा, तीस प्लेटी, मेलेला ओळखीचा जंतू, तेवीस आणि एकोणीस, डॉक्टरांचा फोन. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "किती पातळ होती ते जेली?" मी बोटांनी दाखवलं.

"म्हंजे घरच्या पाहुण्याले पातळ वरण वाढलं तुमी," ते म्हणाले, "अन् म्या मांडवात उभं राहून ढेकर देल्ला."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं.

"तीन दिवस गेले म्हणता?"

"हो. बुधवार ते शनिवार."

"ते तीन दिवस नसते गेले तं माह्या श्वासाचं काय झालं असतं?"

"ते मोजता येत नाही, भाऊ. डॉक्टरांनाही विचारलं."

"विचारलं? कधी?"

"दोन महिने झाले."

पलीकडे ढिगावर भाव चढत होता. त्यांनी पेन टोपणात घातलं.

"माह्यं हे कोणाकोणाले सांगितलं आतापावतर?"

"मॅडमना. मग तुमच्या डॉक्टरांना. मग घरी हिला."

त्यांनी बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. "अन् मी चौथा." थांबून श्वास घेतला. "मोजता तं लय चांगलं तुमी. मंग मी चौथा काहून?"

प्लेटीची चूक मी अजाणता केली होती. हा चौथा नंबर मी एकेक रविवार मोजून लावला होता.

ते उठले. जवळच्या ढिगाशी गेले, हर्रास बोलणाऱ्याला हाताने थांबवलं, मूठभर तूर उचलून उडवली आणि बोलायला लागले. पहिले दोन भाव जुन्या आवाजात आले. यार्डातल्या चार-पाच माना वळल्या. तिसऱ्या भावाला आवाज खाली आला, चौथ्याला फक्त ओठ हलले. दुसऱ्या माणसाने खाली न पाहता पाचवा भाव उचलून घेतला आणि पुढे नेला. साडभाऊ ढिगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. ते त्यांना मला दाखवायचं होतं की स्वतः पाहायचं होतं, कळलं नाही. मी विचारलं नाही.

परत येऊन बसल्यावर त्यांना बोलायला बराच वेळ लागला. मी पिशवीतून नारळ काढून बाकावर ठेवला.

"हा कायले आणला?"

"माझा नाही तो."

"मांडवात देल्लेला नारळ वापस घेतात का कुठं? ठेवा तिकडं." मग म्हणाले, "डॉक्टरनं येत्या सोमवारी बेडका पुन्यांदा तपासाले सांगितला हाये. इथंच दारव्ह्यात देनार होतो, जवळ पडते."

"इथंच द्या, भाऊ. चांगलं काम आहे त्यांचं."

"तुमालेच देतो. आता तुमी जाडीच वतान, मले माहीत हाये. भेव पडलं ना." ते थोडं थांबले. "पण एक. रिपोर्ट पयले मले सांगायचा. ना घरी, ना डॉक्टरले. पयला मी."

"मॅडमची सही झाल्याशिवाय रिपोर्ट सांगता येत नाही," मी म्हणालो. हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण नियम तो नियम.

"सही होऊ द्या. मंग पयला मी."

सोमवारी डबी आली. या वेळी त्यांनी ती जीपवाल्याच्या हाती पाठवली, स्वतः आले नाहीत. ताईंचाही फोन नव्हता. बायको दोन दिवस फोन जवळ ठेवून फिरत होती.

बुधवारपर्यंत त्या बेडक्यात रोगाचा जंतू वाढला नाही. मोजायला काहीच नव्हतं, तरी मी जेलीची जाडी मोजून वहीत लिहिली : चार. ओळखीच्या जंतूची प्लेट शेजारी होती, तिचा गोल हद्दीत होता, तोही लिहिला. मॅडमनी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सही केली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पहिला फोन दारव्ह्याला लावला.

"जंतू नाही, भाऊ," मी म्हणालो. "पहिले तुम्हालाच सांगतोय."

"बरं," ते म्हणाले. फोन ठेवला नाही. मागे यार्ड चालू होतं. भाव चढत होता, मोठा, सलग, न थांबता. मी तो शेवटपर्यंत ऐकला. आवाज त्यांचा नव्हता.